बाहेरची खोली

परवा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आटोपून मंडळी प्रसादाच्या पंक्तीला बसत होती, तेव्हा एका केंद्रीय कचेरीत अधिकारी असलेले आमचे एक स्नेही मला हळूच मांडवाबाहेर घेऊन गेले. गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे. वय पंचावन्नच्या पुढेमागे. तीन वर्षांपूर्वी बदलून कलकत्त्यास आले. (या शहराचे नाव २००१ पासून कागदोपत्री कोलकाता झाले आहे, आम्हा जुन्या बिऱ्हाडकरूंच्या तोंडी अजून कलकत्ताच आहे.) पुढच्या महिन्यात त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, आणि त्या वाटेने मी आधी जाऊन आलो आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी मला एकामागून एक प्रश्न विचारले. इस्पितळात किती दिवस राहावे लागते? रजा किती काढावी? नळी किती दिवस ठेवतात? खर्चाची परतफेड मिळताना कोणते कागद अडतात? मुरलेल्या अधिकाऱ्याला शोभेल असेच ते प्रश्न होते, आणि मीही मुरलेल्या अधिकाऱ्याप्रमाणे त्यांची मुद्देसूद उत्तरे दिली.

निरोप घेऊन ते फाटकापर्यंत गेले आणि तिथे थबकले. चपलेचा अंगठा नीट बसत नसावा अशा आविर्भावाने खाली वाकले, आणि वर न पाहताच म्हणाले, “आणि बाकी? बाकी सगळे ठीक होते ना?”

“हो, हो. सगळे ठीक होते,” मी म्हणालो.

ते गेले. मी मांडवात परतलो, पण मोदक काही घशाखाली उतरेना. त्या ‘बाकी’ या शब्दात त्यांनी काय विचारले होते, ते मला पूर्ण कळले होते. मी जे उत्तर दिले तेच उत्तर काही वर्षांपूर्वी मला मिळाले होते, आणि त्यापायी मी व माझी पत्नी एका घरात राहून पाच महिने परक्यासारखे वागलो होतो. हा लेख म्हणजे फाटकाशी द्यावयाचे राहून गेलेले ते उत्तर आहे. विषय संकोचाचा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या अंकाचे बरेचसे वाचक माझ्यासारखेच परमुलखात नोकरी करणारे आहेत. घरच्या वडीलधाऱ्या माणसांपासून आणि बालपणच्या मित्रांपासून शेकडो कोस दूर आहेत. असल्या गोष्टी ज्याच्याजवळ बोलाव्या असे माणूस त्यांना चटकन सापडत नाही. म्हणून हे धारिष्ट.

२०१६ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो. कचेरीतर्फे दर वर्षी होणाऱ्या तपासणीत रक्तातील पीएसए या द्रव्याचा आकडा, जो साधारणपणे चारच्या आत असावयाचा, तो साडेनवावर गेलेला आढळला. पुढे सुईने ग्रंथीचे लहानलहान तुकडे काढून तपासले, आणि कर्करोग आहे असे निदान झाले. रोग ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता, हे सुदैव.

वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात इथे एक घोटाळा असतो, तो आधी दूर करतो. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मराठी विश्वकोशात तिला अष्ठीला म्हटले आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा गोटा. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि लघवीला अडथळा करते. ती वाढ कर्करोगाची नव्हे. तिच्यासाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेनंतर पुरुषाची ताठरता बहुधा कायम राहते. फक्त वीर्य पुष्कळदा बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि पुढे लघवीवाटे निघून जाते. कर्करोगात मात्र सबंध ग्रंथी, तिच्या मागे असलेल्या वीर्यकोशांसह, काढून टाकतात. माझी शस्त्रक्रिया ही दुसऱ्या प्रकारची. दोहोंना लोक सरसकट ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ म्हणतात, आणि मग एकाच्या अनुभवावरून दुसरा निश्चिंत होतो किंवा उगीच धास्तावतो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनांनी मला विचारले, “मुले किती?” मी म्हणालो, “दोन. दोघेही मिळवते झाले आहेत.” ते म्हणाले, “मग काळजी नाही. बाकी सगळे ठीक होईल.” आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. मनुष्य हाताचा कसबी. त्यांच्या त्या कसबामुळेच मी आज हे लिहितो आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु त्या विषयावर आमचे बोलणे झाले ते एवढेच. सायंकाळी परिचारिकेने संमतिपत्र आणून दिले. बारीक इंग्रजी टाइपातील त्या कागदावर खालून तिसऱ्या ओळीत जे घडू शकते त्याचा उल्लेख होता. मी लेखापरीक्षण खात्यातला माणूस. दुसऱ्यांच्या कागदांवरील तळटिपा वाचण्यात माझी तीस वर्षे गेली. तो एक कागद मात्र मी न वाचता सही करून दिला. ओळ वाचली ती दोन महिन्यांनी, घरी बसून.

श्रावण सरता सरता शस्त्रक्रिया झाली. दहाव्या दिवशी नळी काढली. लघवीवर ताबा नव्हता; तो येण्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचा एक व्यायाम शिकविण्यात आला. हा व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडला होता. पत्नीला त्याची गंमत वाटली. “आमचा व्यायाम तुमच्या वाट्याला आला,” असे ती म्हणाली. घरात त्या काळात झालेला तो बहुधा शेवटचा विनोद.

नळी आणि तिची पिशवी घेऊन पलंगावर झोपणे गैरसोयीचे, म्हणून मी घरी आल्यापासून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागलो होतो. सॉल्ट लेकमधल्या सरकारी निवासाची ती दर्शनी खोली. नळी गेली, मी तिथेच राहिलो. मग म्हणालो की रात्री दोनतीनदा उठावे लागते, तुझी झोप कशाला मोडू? तेही हळूहळू थांबले. मी तिथेच राहिलो. सहा आठवड्यांनी कचेरीत रुजू झालो, तेव्हा घरी आणलेल्या फायलींचे निमित्त मिळाले. शरदात अंगणातला प्राजक्त फुलला. बंगाली मंडळी त्याला शिउली म्हणतात आणि त्याच्या फुलांवरून पूजेचे दिवस जवळ आल्याचे ओळखतात. पत्नी पहाटे फुले वेचावयास जाताना माझ्या दिवाणावरून जाई, आणि मी डोळे मिटून झोपेचे सोंग करी.

कारण काय ते आता स्पष्ट लिहितो. शरीराचा तो भाग निर्जीव झाल्यासारखा झाला होता. इच्छा होती, किंबहुना मृत्यूच्या दारावरून परत आलेल्या माणसाला आपल्या माणसाच्या निकट असावे असे जितके वाटते तितके एरवी कधी वाटत नसेल. स्पर्श कळत होता. पण देह त्याला कसलेच उत्तर देत नव्हता. पहाटे जाग येताना तरुणपणापासून जी ताठरता सवयीची असते, तीही नाहीशी झाली होती. घरात विजेचा दिवा गेला म्हणजे आपण बटन दाबून पाहतो, पुन्हा पाहतो आणि मग अंधारात बसून राहतो, तसे माझे झाले होते. एके दिवशी कचेरी सुटल्यावर मी धर्मतल्ल्याच्या गर्दीत, जिथे ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा दुकानातून, १९९८ साली अमेरिकेत परवाना मिळाल्यापासून जगभर ठाऊक झालेली ती सिल्डेनाफिलची गोळी विकत घेतली. डॉक्टरांना न विचारता घेतली, हा शुद्ध मूर्खपणा. हृदयाच्या दुखण्यावर नायट्रेटची औषधे घेणाऱ्या माणसाने ती घेतली तर रक्तदाब एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. मला तो विकार नव्हता, एवढ्यावर निभावले. गोळीने डोके चढले, चेहरा तापला. दुसरे काही झाले नाही. मी ठरवून टाकले की हे प्रकरण संपले. आणि जे संपले त्याविषयी बोलायचे कशाला, म्हणून बाहेरची खोली पक्की झाली.

२०१७ च्या जानेवारीतली गोष्ट. पौषातली थंडी पडली होती. खजुराच्या नव्या गुळाचा संदेश शेजारणीने दिला होता, तो वाटीत घेऊन पत्नी रात्री बाहेरच्या खोलीत आली. वाटी टेबलावर ठेवून ती दिवाणाच्या कडेला बसली, आणि म्हणाली, “अहो, तुमची या खोलीत बदली झाली आहे की काय? हुकूम तरी दाखवा. म्हणजे मला कळेल, तात्पुरती आहे की कायमची.”

मला हसू आले नाही. तिलाही नाही. थोड्या वेळाने तिने खालच्या आवाजात विचारले, “माझे काही चुकले का?”

मी चमकलो. या पाच महिन्यांत तिच्या मनात काय चालले असेल, याचा मी विचारच केला नव्हता. तिला वाटत होते की आजारपणात तिने केलेल्या शुश्रूषेत, नळी आणि पिशवी आणि ओले कपडे यांत, मला तिची किळस आली असावी. किंवा आपल्याला त्या अवस्थेत पाहिलेल्या माणसाचे तोंड मला नकोसे झाले असावे. मी म्हणालो, “तुझे काही नाही. मी पूर्वीचा राहिलो नाही.” कचेरीतल्या टिपणासारखेच ते वाक्य होते, कर्ता होता, क्रिया नव्हती. मग मात्र जे होते ते सांगितले. शब्द सापडत नव्हते. काही इंग्रजीत सांगितले, काही हातवाऱ्यांनी, काही नुसते थांबून.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझी पाळी जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर मला किती दुखे, तुम्हांला ठाऊक आहे? कोरडेपणाने जीव नकोसा होई. कितीदा दात आवळून पडून राहिले मी. तुम्ही कधी विचारले नाहीत, आणि मीही सांगितले नाही. मला वाटले, हे सांगायचे नसते. आता तुम्हीही तेच करता आहात.”

तेहतीस वर्षांचा संसार. लखनौ, शिलाँग, मद्रास, कलकत्ता अशी चार ठिकाणे आम्ही दोघांनी मिळून बिऱ्हाडाच्या पेट्या बांधल्या आणि सोडल्या. मुलांच्या शाळा, आईचे दुखणे, माझ्या बढतीतला अन्याय, सगळ्यांवर आम्ही रात्ररात्र बोललो. आणि या एका बाबतीत ती सहा वर्षे एकटी होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या दुःखाहून हे मला जास्त लागले. त्या रात्री बोलणे फार झाले नाही. पहाटे केव्हातरी ती उशी उचलून आत गेली, आणि दाराशी थांबून म्हणाली, “हुकूम रद्द समजा.” मी तिच्यामागून गेलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून एका वयोवृद्ध मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. पत्नीने बरोबर यावे असा तिचाच आग्रह होता. डॉक्टरबाबूंनी माझे कागद पाहिले, आणि प्रथम एका कोऱ्या कागदावर चित्र काढले. मूत्राशय, त्याखाली ग्रंथी, आणि ग्रंथीच्या दोन्ही कुशींना चिकटून खाली उतरणाऱ्या दोन बारीक रेघा. “या मज्जातंतूंच्या जुड्या,” ते म्हणाले. “ताठरतेचा निरोप यांच्यातून जातो. १९८१ पर्यंत हे तंतू नेमके कोठून जातात हे सर्जनांना ठाऊकच नव्हते.”

मग त्यांनी जी हकीकत सांगितली ती मला फार विलक्षण वाटली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सर्जन पॅट्रिक वॉल्श १९८१ साली हॉलंडमधील लायडेन येथे गेले असता तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांना भेटले. मोठ्या माणसाच्या शवात चरबी आणि घट्ट ऊतींमुळे हे तंतू वेगळे ओळखता येत नसत; म्हणून डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहाचे विच्छेदन करून त्यांचा माग काढीत होते. दोघांनी मिळून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की तंतू ग्रंथीच्या आतून नव्हे, तिच्या आवरणाबाहेरून जातात. अर्थात ग्रंथी काढूनही ते वाचविता येतात. वॉल्श यांनी २६ एप्रिल १९८२ रोजी एका बावन्न वर्षांच्या रुग्णावर ते हेतुपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली, आणि वर्षभरात त्या गृहस्थांची शक्ती परत आली. त्यापूर्वी ही शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ सर्वच पुरुषांना ती कायमची गमवावी लागे. जन्मालाही न आलेल्या एका बालकाच्या देहाने जगातल्या असंख्य दांपत्यांना जे दिले, त्याचा विचार मी घरी येताना ट्राममध्ये करीत होतो.

माझ्या बाबतीत उजवी जुडी वाचविली होती. डावीकडे रोग आवरणाच्या फार जवळ आल्यामुळे ती काढावी लागली होती. “तुमची उजवी बाजू मेलेली नाही, बधिर आहे,” डॉक्टरबाबू म्हणाले. शस्त्रक्रियेत नुसत्या ताणानेही हे तंतू झोपी जातात. दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. आणि इथे तर दीड-दोन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. माझी गोळी का फसली तेही त्यांनी सांगितले. जागा झालेला तंतू नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो, त्यायोगे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरते. गोळी ती क्रिया केवळ टिकवून धरते. याच वायूच्या शरीरातील कार्याबद्दल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तंतूच झोपलेला असेल तर गोळीने टिकवावयाचे काय?

उपाय त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. रात्री गोळीची अल्प मात्रा. रोज दहा मिनिटे काचेच्या नळीसारखे एक निर्वात उपकरण, ज्यायोगे इंद्रियात रक्त ओढले जाते. रक्ताचा पुरवठा तुटला तर आतल्या ऊती आकसतात, म्हणून तो चालू ठेवावयाचा. समागमासाठी ते वापरले तर बुडाशी एक कडे चढवतात; ते अर्ध्या तासाहून अधिक ठेवावयाचे नाही. त्याने न भागल्यास बाजूला बारीक सुईने टोचावयाचे इंजेक्शन. त्याने आलेली ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर मात्र तडक इस्पितळ गाठावयाचे. आणि यांतल्या कशानेच काम झाले नाही तर शस्त्रक्रियेने आत बसविण्याचे, द्रवाने फुगणारे साधन १९७३ पासून उपलब्ध आहे. या उपायांनी तंतू लवकर जागे होतील असे वचन त्यांनी दिले नाही. वय, आधीची शक्ती, मधुमेह, रक्तदाब आणि किती तंतू वाचले, यांवर सारे अवलंबून आहे, असे स्वच्छ सांगितले. एक गोष्ट मात्र त्यांनी निश्चित सांगितली आणि ती मला कोणीच सांगितली नव्हती. स्पर्शाचे तंतू निराळे असतात आणि ते शाबूत आहेत. म्हणून ताठरता नसतानाही सुखाचा कळस अनुभवता येतो. वीर्य मात्र यापुढे कधीच येणार नाही, कारण ते तयार करणारे अवयवच काढलेले आहेत.

निघताना पत्नीने धीर करून स्वतःविषयी विचारले. डॉक्टरबाबूंनी तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे नाव दिले. तिथे एक साधे लावावयाचे मलम मिळाले, आणि तिचे सहा वर्षांचे दुखणे काही आठवड्यांत पुष्कळ कमी झाले. त्या काही आठवड्यांसाठी सहा वर्षे गेली होती.

आता अडचण उभी राहिली ती भाषेची. दवाखान्यात इंग्रजी आणि बंगाली चालली, घरी काय? आम्हांला ठाऊक असलेले मराठी शब्द एक तर शिव्यांतले, नाहीतर वैद्यकाच्या पुस्तकातले. तेव्हा मला पुण्याच्या आजोळची एक आठवण झाली. आजोबांच्या कपाटात धर्मग्रंथांच्या रांगेमागे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे काही जुने अंक होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ते १९२७ च्या जुलैत सुरू केले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत, पदरचे पैसे आणि लोकांची निंदा दोन्ही सोसून, चालविले. वाचकांनी आपल्या शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नांना ते साध्या, सरळ मराठीत उत्तरे देत. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर खटले झाले; १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. म्हणजे आमच्या भाषेत हे बोलता येत होते. बोलण्याची किंमत मोजणारी माणसे होऊन गेली, आणि आम्ही शिकलेसवरलेले नातू ते अंक धर्मग्रंथांमागेच राहू देऊन मोकळे झालो. मग आम्ही दोघांनी लाज सोडून एकेक शब्द ठरविला. काही मोठ्यांदा उच्चारले तेव्हा दोघांनाही हसू लोटले. असे हसणे घरात कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

पुढची दीड वर्षे सरळ गेली नाहीत. त्या उपकरणाचे पुडके चपराशाने ‘साहेबांचा फ्लास्क’ म्हणून आणून दिले होते. फ्लास्क हेच नाव मग आमच्यात रूढ झाले. त्याचा कधी कंटाळा येई, कधी राग. प्रत्येक वेळी काय होते आणि काय होत नाही याचा मी मनात जमाखर्च मांडीत असे, आणि ते पत्नीला लगेच कळे. “आज तपासणी नको,” ती म्हणे. तिच्या त्या बोलण्याने मला एक गोष्ट शिकविली. आम्ही अमुक एका क्रियेलाच सगळे काही समजत आलो होतो. ती बाजूला ठेवावी लागली तेव्हा ध्यानात आले की हाताला हात आहे, पाठीला पाठ आहे, अंधारात बोलणे आहे. आणि यातले कितीतरी आम्ही वीस वर्षांपूर्वीच सोडून दिले होते.

२०१८ च्या फेब्रुवारीत, शस्त्रक्रियेला अठरा महिने होत आले असता, एका पहाटे मला जाग आली ती जुन्या ओळखीच्या जाणिवेने. पुरती नव्हे, निम्मीही म्हणता येईल न येईल अशी, पण होती. मी पत्नीला उठविले नाही. खिडकीबाहेर कोकीळ ओरडत होता आणि मी कितीतरी वेळ छताकडे पाहत पडून राहिलो. चहाच्या वेळी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. चहात दोनदा साखर घातली. त्यानंतर तीन महिन्यांनी, गोळीच्या मदतीने, आम्ही पुन्हा पूर्वीसारखे एकत्र आलो.

‘पूर्वीसारखे’ हा शब्द खरा नाही, तेव्हा सुधारून लिहितो. पूर्वीइतकी शक्ती आली नाही आणि आता येणारही नाही. गोळी लागते. काही वेळा तीही काम करीत नाही. वीर्य नाही, म्हणून तो क्षण निराळाच वाटतो. प्रथम मला त्याचे वाईट वाटे, आता वाटत नाही. पीएसएचा आकडा आजही नगण्य आहे. २०१९ साली मी सेवानिवृत्त झालो आणि मुलगी याच शहरात असल्यामुळे आम्ही इथेच राहिलो. जे परत आले ते कमी आहे, पण ते दोघांचे मिळून आहे. शस्त्रक्रियेपूर्वी जे होते ते, आता कळते, बरेचसे माझ्या एकट्याचे होते.

हे सारे त्या फाटकाशी दोन वाक्यांत सांगता आले असते. निदान एवढे तरी म्हणता आले असते, की बाकी सगळे ठीक नव्हते; पुढे पुष्कळसे ठीक झाले; सही करण्यापूर्वी सर्जनांना विचारा, माझे तंतू वाचविता येतील का, एका बाजूचे की दोन्ही, आणि न वाचले तर पुढे काय; आणि विचारताना वहिनींना बरोबर न्या.

लेख छापून येईपर्यंत त्यांची शस्त्रक्रिया होऊन गेलेली असेल हे ध्यानात आल्यावर गेल्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्या घरी जाऊन आलो. बायका आत बसल्या, आम्ही गॅलरीत. मी वर लिहिलेली दोन वाक्ये त्यांना सांगितली, मग बाकीचेही सांगितले. त्यांनी मान खाली घालून ऐकले. शेवटी विचारले, “वहिनींना ठाऊक आहे, तुम्ही मला हे सांगता आहात ते?” मी म्हणालो, “त्याच आत तुमच्या घरी हेच सांगत असतील.”

काल त्यांचा फोन आला. दोघे मिळून सर्जनांकडे गेले होते. सर्जनांनी कागद घेऊन चित्र काढून दाखविले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. सगळ्याला मिळून दहा मिनिटे लागली, म्हणाले.